मलबारच्या बागेचा वलंदेज माळी

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझी बदली सुरतेस झाली, त्या वेळची ही गोष्ट. एका रविवारी सहकुटुंब कतारगाम दरवाजाच्या बाजूस फिरावयास गेलो असता जुन्या युरोपीय दफनभूमीत एक भव्य वास्तू दृष्टीस पडली. खालीवर खांबांच्या ओवऱ्या आणि माथ्यावर घुमट असा तिचा थाट होता. एखाद्या नबाबाचा मकबरा असावा असे प्रथम वाटले. फलक वाचल्यावर समजले की, ती कोणा डच उमरावाची कबर आहे. ऊन चढले होते, मुलांना भूक लागली होती. नाव वाचले आणि विसरून गेलो.

पुढे दहाएक वर्षांनी कोचीस जाणे झाले. तेथे धाकट्या मुलीस पोटाच्या विकाराने फार बेजार केले. आमच्या शेजारी मट्टांचेरीच्या कोकणी वस्तीत लहानाची मोठी झालेली एक वृद्ध बाई राहत असे. तिने कोणत्याशा झाडाची साल आणून दिली आणि ती कुड्याची असल्याचे सांगितले. तिचा उच्चार 'कुडो' असा होता. पण आमच्या देवगडच्या घरी आई जी साल ताकात उगाळून देई तीच ही, हे वासावरून मी ओळखले. घरकामास येणाऱ्या मल्याळी बाईने त्याच सालीचे नाव 'कुटकप्पाल' असे सांगितले. काही दिवसांनी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक जाडजूड ग्रंथ चाळत असता तेच नाव समोर आले. रोमन अक्षरांत 'कोडगा-पाला' असे ते लिहिले होते, सोबत झाडाचे सुरेख चित्र होते आणि पोटाच्या विकारांवर त्याच्या सालीचा उपयोग सांगितला होता. मूळ ग्रंथ इसवी सन १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेला. ग्रंथकर्त्याचे नाव वाचले आणि सुरतेच्या त्या फलकाची आठवण झाली. हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड! ज्याच्या कबरीसमोरून मी घाईघाईने निघून आलो होतो, तोच हा गृहस्थ.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे मंडळाच्या कार्यवाहांनी सुचविले तेव्हा हेच नाव मनात आले. मी वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. बी. ए. पर्यंतचे शिक्षण आणि गावोगावची नोकरी एवढीच माझी शिदोरी. परंतु परमुलखात नेमणूक झालेल्या माणसाने त्या मुलखाकडे कसे पाहावे, याचा एक वस्तुपाठ या चरित्रात मला दिसला. तो आपल्यासारख्यांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हे लेखन.

ऱ्हीडचा जन्म १६३६ साली ॲमस्टरडॅमला झाला. घराणे युट्रेख्टकडील सरदारांचे. पण आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले आणि कोवळ्या वयातच त्याने घर सोडले. त्या काळी हॉलंडातील धडाडीच्या तरुणांना एकच मोठी वाट दिसे. ती म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीची, आपल्या बखरकारांच्या भाषेत वलंदेजांची, नोकरी. १६५६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, हा सरदारपुत्र साधा सैनिक म्हणून कंपनीत दाखल झाला व पूर्वेकडे निघाला. विद्यापीठाचे शिक्षण नाही, वैद्यकाचा गंध नाही, वनस्पतिशास्त्राचा तर नाहीच नाही. पुढे ज्याच्या ग्रंथाने युरोपातील पंडितांना शतकभर पुरेल इतके खाद्य दिले, त्या माणसाची ही सुरुवात.

मलबारच्या मिऱ्यांचा व्यापार दीडशे वर्षे पोर्तुगीजांच्या हाती होता. तो हिसकावून घेण्याचा वलंदेजांनी चंग बांधला. रायक्लोफ व्हान गोएन्स या सेनापतीच्या हाताखाली ऱ्हीड या मोहिमेत लढला. १६६२ साली मट्टांचेरीस मोठी लढाई झाली. पोर्तुगीजांच्या पक्षाचे राजपुत्र तीत मारले गेले आणि कोचीची वृद्ध राणी वलंदेजांच्या हाती सापडली. तिला ताब्यात घेणारा अधिकारी ऱ्हीड होता. पुढच्या वर्षी, जानेवारी १६६३ मध्ये, कोचीचा किल्ला पडला. वलंदेजांनी आपल्या पसंतीचा राजा वीर केरळवर्मा गादीवर बसविला आणि त्याच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून ऱ्हीडची नेमणूक केली. ज्या राजवाड्याच्या परिसरात त्याने तलवार चालविली होती, तेथेच आता त्याला मसलतीस बसावयाचे होते.

या नेमणुकीने त्याच्या आयुष्याला वळण दिले. राजाशी त्याचा स्नेह जमला. अंतर्भागातील जंगलांतून, बॅकवॉटरच्या काठाकाठाने त्याचा प्रवास होऊ लागला. एकेका वृक्षावर इतक्या वेली आणि बांडगुळे चढलेली असत की, एकाच झाडाला दहा-बारा जातींची पाने, फुले व फळे आली आहेत असा भास व्हावा. हे दृश्य पाहून तो विस्मित झाल्याचे त्याच्या लेखनावरून दिसते. त्याच्या देशात हिवाळ्यात पान दिसत नाही. येथे बारा महिने रान हिरवे. हजारो सैनिक, खलाशी व कारकून याच भूमीवरून आले आणि गेले. त्यांना येथे मिरे दिसले, दालचिनी दिसली आणि त्यांचा भाव दिसला. ऱ्हीडला त्यापलीकडचे रान दिसले.

मधल्या काळात कोल्लम व सिंहलद्वीप येथील कामगिऱ्या करून १६७० साली तो मलबारचा मुख्याधिकारी झाला आणि १६७७ पर्यंत त्या पदावर राहिला. अधिकारी म्हणून त्याच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. कंपनीच्या दवाखान्यांसाठी औषधे युरोपातून जहाजाने येत. वर्षभराच्या प्रवासात ती शिळी व निःसत्त्व होत. त्यांतील कित्येक द्रव्ये तर मुळात पूर्वेकडूनच युरोपात गेलेली असत. म्हणजे आपल्याच परसातली वस्तू पृथ्वीप्रदक्षिणा करून, कस गमावून, चढ्या किमतीने परत येई. दुसरीकडे मलबारचे वैद्य ताज्या पाल्याने व मुळ्यांनी तेच रोग बरे करीत. तेव्हा येथील औषधी वनस्पतींची पद्धतशीर नोंद झाली तर कंपनीचा खर्च वाचेल आणि माणसेही वाचतील, असा त्याचा युक्तिवाद होता.

याच्या पोटात राजकारणही होते. व्हान गोएन्सला सर्व महत्त्व सिंहलद्वीपास द्यावयाचे होते. मलबार किती संपन्न आहे हे वरिष्ठांना दाखवून देणे ऱ्हीडला भाग होते. मलबारातील रानदालचिनीपासून तेल काढण्यासाठी त्याने कोचीत एक रसशाळाही उभारली. तेथे मायस्नर नावाचा रसायनज्ञ ऊर्ध्वपातनाने ते तेल काढी. कोलंबोच्या दालचिनीवर पोसलेल्या त्याच्या वरिष्ठांना हा उद्योग फारसा रुचला नाही. सरकारी खात्यांचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

ग्रंथाचा पहिला आराखडा मॅथ्यू नावाच्या एका इटालियन कार्मेलाइट पाद्र्याच्या टिपणांवरून आखला गेला. वलंदेज हे प्रॉटेस्टंट. कॅथॉलिक पाद्र्यांना त्यांनी कोचीबाहेर काढले होते. असे असता ऱ्हीडने या वृद्ध, वनस्पतींचा नाद असलेल्या पाद्र्यास आश्रय दिला. परंतु त्याची चित्रे व वर्णने अपुरी आहेत हे लवकरच ध्यानात आले आणि काम नव्याने सुरू झाले.

हे नवे काम ज्या रीतीने चालले ती रीत मला सर्वांत मोलाची वाटते. वनस्पती हुडकण्यासाठी माणसांच्या तुकड्या रानोमाळ पाठविल्या जात. कधी कधी त्यांची संख्या दोनशेपर्यंत जाई. एखादे झाड फुलावर असताना एकदा आणावयाचे, फळ धरल्यावर पुन्हा आणावयाचे, म्हणजे अवयव पूर्ण मिळत. आणलेला नमुना जाणत्या माणसांच्या मंडळापुढे ठेवला जाई. त्यात मलबारी वैद्य असत, कोकणी पंडित असत. नाव कोणते, जात कोणती, कोणत्या रोगावर कोणता अवयव वापरावा, याची चर्चा चाले. चित्रकार तेथेच बसून ताज्या नमुन्यावरून चित्र काढीत. हे पंडित प्राचीन वचने मुखोद्गत म्हणत, मतभेद झाला तरी आवाज चढवीत नसत, पूर्वसूरींचा मान राखून आपले म्हणणे मांडीत. याचे ऱ्हीडला मोठे कौतुक वाटले आणि ते त्याने ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद करून ठेवले.

या मंडळात अग्रस्थानी होते इट्टी अच्युतन वैद्य. कोचीच्या दक्षिणेस, आजच्या चेर्तला तालुक्यातील कडक्करप्पळ्ळी हे त्यांचे गाव आणि कोल्लाट हे त्यांचे घराणे. जातीने ते ईळव. पिढीजात वैद्यकाच्या पोथ्या त्यांच्या घरी होत्या. त्या पोथ्यांच्या व अनुभवाच्या आधारे ते मल्याळममध्ये सांगत. कोचीचा रहिवासी इमॅन्युएल कार्नेरो हा दुभाषी ते पोर्तुगीजमध्ये उतरवी. कंपनीचे चिटणीस व लेखनिक त्यावरून पुढील मसुदे करीत आणि अखेर योहानेस कासेआरियस हा तरुण धर्मोपदेशक ते लॅटिनमध्ये लिही. हा कासेआरियस पूर्वी तत्त्ववेत्ता स्पिनोझा याच्या घरी राहून त्याच्यापाशी शिकलेला होता. चेर्तल्याच्या एका वैद्याचे ज्ञान स्पिनोझाच्या शिष्याच्या लेखणीतून युरोपात गेले, असे हे विलक्षण सूत्र जुळून आले.

आता आपल्या दृष्टीने जिव्हाळ्याचा भाग. या मंडळातील तीन पंडितांची नावे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट अशी होती. हे कोकणी ब्राह्मण. पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचामुळे सोळाव्या शतकापासून गोव्यातील अनेक कुटुंबे देव आणि भाषा घेऊन दक्षिणेकडे निघाली आणि त्यांतील कित्येक कोचीस स्थायिक झाली. मट्टांचेरीच्या चेरलाई भागात त्यांचे तिरुमल देवस्थान आहे. त्या वस्तीतील हे पंडित. निघंटू ग्रंथांच्या आधारे आणि आपल्या ज्ञानाने त्यांनी वनस्पतींची नावे व गुण सांगितले. सकाळ-संध्याकाळ ते या कामी खपले. काम संपत आल्यावर, २० एप्रिल १६७५ रोजी, त्यांनी आपण सांगितलेली माहिती खरी असल्याचे प्रमाणपत्र लिहून दिले. भाषा कोकणी आणि लिपी नागरी! असेच एक प्रमाणपत्र इट्टी अच्युतन यांनी त्याच दिवशी जुन्या मलयाळी लिपीत लिहून दिले. दुभाषी कार्नेरो याचेही आहे. ही सर्व प्रमाणपत्रे, ज्याच्या त्याच्या अक्षरांत, पहिल्या खंडाच्या आरंभी छापलेली आहेत. अनेक चित्रांवरही वनस्पतीचे नाव रोमन, मलयाळी, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत कोरलेले आहे.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास वर्षही झाले नव्हते, त्या सुमारास लिहिलेली ही नागरी अक्षरे तीन वर्षांनी ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात उमटली. आपल्याकडे छपाईचा प्रसार व्हावयास अजून सव्वाशे वर्षांचा अवकाश होता. परमुलखात राहिलेल्या तीन माणसांनी आपली भाषा आणि लिपी टाकली नव्हती, म्हणून हे घडले. आपल्या मंडळाच्या बालवर्गात मुलांना बाराखडी गिरविताना पाहिले की मला या तिघांची आठवण होते.

ग्रंथाचे नाव 'हॉर्टस मलबारिकस', म्हणजे मलबारची बाग. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड निघाले. त्यांत सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने आणि आठशेच्या घरात जाणारी ताम्रपटांवरील चित्रे आहेत. पहिल्या खंडाचा प्रारंभ 'तेंगा' म्हणजे नारळापासून होतो. कोकणच्या माणसाने लिहिला असता तरी प्रारंभ याहून वेगळा झाला नसता!

ग्रंथातील नावांची पद्धत अभ्यासकांना विशेष उद्बोधक वाटते. मल्याळममध्ये एका कुळातील वनस्पतींना एक मूळ नाव असते आणि त्यामागे विशेषण लागते. 'काट्टु' म्हणजे रानटी, 'चेरिय' म्हणजे लहान, 'वळ्ळी' म्हणजे वेल, 'चुवन्न' म्हणजे लाल. आपणही रानहळद, रानतुळस, रानकेळ असेच म्हणतो. एक नाव कुळाचे आणि एक त्या जातीचे, ही जोडनावाची शास्त्रीय पद्धत लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतिसृष्टीस सरसकट लागू केली. त्याच्या आधी पाऊणशे वर्षे हॉर्टसच्या पानोपानी तशाच घडणीची लोकनावे छापली गेली होती. लिनियसने ती पद्धत येथून घेतली असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु साम्य व भेद पाहून वर्गवारी करण्याची दृष्टी आपल्या वैद्यांपाशी होती, हे मात्र यावरून निर्विवाद दिसते.

१६७७ साली ऱ्हीडने मलबार सोडले. बटाव्हियात त्याला वरिष्ठ मंडळात स्थान मिळाले, पण व्हान गोएन्सशी जमणे शक्य नव्हते. त्याच वर्षी कासेआरियस बटाव्हियात निवर्तला आणि ग्रंथाचा लॅटिन लेखक गेला. १६७८ साली ऱ्हीड मायदेशी परतला. टिपा लिहिणारे लायडनचे प्राध्यापक सायन हेही त्याच वर्षी वारले. दुसऱ्या कोणी अशा वेळी बासन बांधून ठेवले असते. ऱ्हीडने नवे पंडित मिळविले, यान कॉमेलिन याजकडे टिपांचे काम सोपविले आणि खंडामागून खंड काढीत राहिला. १६८२ साली निघालेला तिसरा खंड त्याने कोचीचा राजा वीर केरळवर्मा यास अर्पण केला.

१६८४ साली कंपनीने त्याला पुन्हा बोलावले. कंपनीच्या वखारींतून लाचलुचपत व खाजगी व्यापार बोकाळला होता. त्याची चौकशी करण्यासाठी सर्वाधिकार देऊन त्याला कमिशनर म्हणून पाठविण्यात आले. आजच्या भाषेत दक्षता आयुक्तच म्हणावयाचे. केप ऑफ गुड होपपासून त्याने तपासणीस आरंभ केला. सिंहलद्वीप, बंगाल, चोलमंडल आणि मलबार असा फेरा घालीत सात वर्षे तो हिंडत होता. पन्नाशी उलटलेली, स्वतःचा संसार नाही, हिशेबाच्या वह्या तपासावयाच्या आणि जुन्या सहकाऱ्यांचे वैर पत्करावयाचे. या धबडग्यातही ग्रंथाचे खंड तिकडे छापले जात होते.

मलबारहून सुरतेच्या वखारीची तपासणी करण्यास तो जहाजाने निघाला. १५ डिसेंबर १६९१ रोजी, मुंबईजवळच्या समुद्रात, जहाजावरच त्याचे निधन झाले. आपला सारा कोकणकिनारा उजव्या हातास ठेवून तो वर आला होता. त्याचा देह सुरतेस नेऊन मोठ्या इतमामाने पुरण्यात आला आणि त्यावर ती भव्य वास्तू उभी राहिली. ग्रंथाचा बारावा खंड त्याच्या मृत्यूनंतर, १६९३ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण झालेला ग्रंथ पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

ग्रंथाचे पुढील आयुष्य ग्रंथकर्त्याच्या आयुष्याहून मोठे आहे. लिनियसने हिंदुस्थान कधी पाहिला नाही; पण येथील वनस्पतींना नावे देताना तो ज्या थोड्या ग्रंथांवर विसंबला त्यांत हॉर्टस अग्रगण्य होता. हॉर्टसमधील मल्याळी शब्द शास्त्रीय लॅटिनमध्ये कायमचे जाऊन बसले. अडक्का म्हणजे सुपारी. तिचे शास्त्रीय कुलनाम 'अरेका' झाले. वेलदोड्याच्या 'एलत्तरी' या नावावरून 'एलेटारिया' आले. सोनचाफ्याच्या जातिनामात 'चंपका' आहेच. सर्वांत गमतीचे नाव 'इक्सोरा'. लाल घोसांचे ते झुडूप आज प्रत्येक सरकारी वसाहतीच्या कुंपणाशी असते. त्याची फुले ईश्वरास वाहतात अशी नोंद हॉर्टसमध्ये होती. पोर्तुगीज वळणाने ईश्वराचा उच्चार 'इक्सोरा' असा लिहिला गेला आणि लिनियसने तोच शब्द कुलनाम म्हणून उचलला. माळ्याला ते इंग्रजी नाव वाटते. आहे मात्र ते आपल्या देवाचे.

रसायनशास्त्रानेही या ग्रंथातील वैद्यांची साक्ष पुढे तपासून पाहिली. ज्या कुड्यापासून मी प्रारंभ केला, त्याच्या सालीतून एकोणिसाव्या शतकात 'कोनेसीन' हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. हॉर्टसमधील 'कानिराम' म्हणजे आपला काजरा. त्याच्या कुळातील बियांतून १८१८ साली फ्रान्समधील दोघा शास्त्रज्ञांनी स्ट्रिक्नीन हे जहाल विष काढले. सहाव्या खंडात लाल विशेषण लावलेली एक 'अमेलपोडी' आहे. ती आपली सर्पगंधा. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळांतून 'अजमलीन' काढले व त्यास हकीम अजमलखान यांचे नाव दिले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळांतून रेसर्पीन मिळाले आणि रक्तदाबाच्या उपचारात एक नवे युग सुरू झाले. वैद्यांच्या प्रत्येक समजुतीस प्रयोगशाळेने दुजोरा दिला असे नव्हे. परंतु शोध कोठे करावा हे सांगणारी पहिली पणती या जुन्या नोंदींनीच लावली.

चरित्र लिहिताना दुसरी बाजू झाकणे योग्य नव्हे. ऱ्हीड संत नव्हता. वलंदेजांनी राजांशी केलेले मिऱ्यांचे करार बंदुकीच्या धाकाने झाले होते आणि शेतकऱ्यास खुल्या बाजाराचा भाव मिळू नये हाच त्यांचा हेतू होता. त्या यंत्रणेचा तो जबाबदार अधिकारी होता. वैद्यांना बोलावणे गेले ते सत्ताधाऱ्याच्या आज्ञेने; त्यांना नकार देण्याची कितपत मोकळीक होती, हा प्रश्न मनात येतोच. ग्रंथ निघाला तो लॅटिनमध्ये. ज्यांचे ज्ञान त्यात होते त्यांना तो वाचता येण्याजोगा नव्हता. इट्टी अच्युतन यांच्या मूळ पोथ्या आज उपलब्ध नाहीत. कोल्लाट घराण्याच्या जागी एक जुनी दिवाघरासारखी कुर्याला तेवढी त्यांची खूण म्हणून जपलेली आहे. हॉर्टस मल्याळी वाचकांच्या हाती यावयास तीनशेहून अधिक वर्षे लागली. कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक दशके त्यावर वेचली. ग्रंथातील वनस्पती त्यांनी प्रत्यक्ष रानात पुन्हा शोधल्या, संपूर्ण भाषांतर केले आणि केरळ विद्यापीठाने ते २००३ साली इंग्रजीत व २००८ साली मल्याळममध्ये प्रसिद्ध केले. वैद्याचे ज्ञान असे फिरून आपल्या घरी आले.

तरीही ऱ्हीडच्या पारड्यात एक गोष्ट राहतेच. ज्यांनी सांगितले त्यांची नावे त्याने ग्रंथाच्या दारातच लिहून ठेवली. त्या काळी आणि नंतरही कित्येक गोऱ्या पंडितांनी इकडच्या वैद्यांना विचारून ग्रंथ रचले. सांगणारा मात्र कोणी एक एतद्देशीय एवढाच उरला. ऱ्हीडने जेत्याच्या आसनावर बसून का होईना, ईळव वैद्य, कोकणी भट, कोचीचा दुभाषी यांना त्यांच्या नावांनिशी, गावांनिशी आणि लिपीनिशी उभे केले. म्हणूनच आज साडेतीनशे वर्षांनी इट्टी अच्युतन आणि रंगभट ही नावे आपण घेऊ शकतो. एरवी ती माती झाली असती.

लिनियसने त्याच्या स्मरणार्थ एका वनस्पतिकुलास 'ऱ्हीडिया' असे नाव दिले होते. पुढे शास्त्रज्ञांनी ते कुल 'गार्सिनिया' या कुलात विलीन केले. हे गार्सिनिया म्हणजे आपल्या रातांब्याचे, कोकमाचे कुल! जातिनामात मात्र तो टिकून आहे. हातभर लांब शेंगांची जी गारंबीची वेल सह्याद्रीच्या रानात आढळते, तिचे शास्त्रीय नाव 'एन्टाडा ऱ्हीडी'. त्यातील एन्टाडा हा शब्दही हॉर्टसमधीलच. म्हणजे मलबारचा शब्द आणि वलंदेजाचे नाव आपल्या गारंबीवर एकत्र नांदत आहेत.

आपण सारे बदलीची माणसे. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी लष्करात. या शहरात येऊन कोणास तीन वर्षे झाली, कोणास तीन पिढ्या. आपण येथे गणेशोत्सव करतो, नाटके बसवितो, हळदीकुंकवास एकत्र येतो. ते केलेच पाहिजे. मट्टांचेरीच्या त्या तिघांनी आपली लिपी जपली नसती तर ग्रंथात त्यांचा ठसा उमटला नसता. पण त्यांनी आणखीही एक केले. ज्या मातीत आले तेथील झाडे ओळखली, शेजारच्या मल्याळी वैद्याबरोबर एका बैठकीत बसले आणि तुम्ही याला काय म्हणता, आम्ही याला काय म्हणतो, हे ताडून पाहिले. आपल्या मुलांना आज ना कुडा ठाऊक असतो, ना त्याचे येथले नाव. दोन्ही बाजूंनी ती रिकामी राहू नयेत, असे मनापासून वाटते.

माझ्या निवृत्तीस आता थोडीच वर्षे उरली आहेत. सुरतेस पुन्हा जाण्याचा योग आला तर फलक वाचून पुढे जाणार नाही. त्या घुमटाभोवती कोणती झाडे वाढली आहेत ती पाहीन आणि त्यांची नावे तेथल्या माळ्याला विचारीन.